माती-भूजलातलं टीसीई: रासायनिक ऑक्सिडीकरणाचा आराखडा तपासायचा कसा?

मातीकण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या जागेचा सफाई-आराखडा माझ्याकडे तपासायला आला आहे. तिथे वर्षानुवर्षं धातूचे सुटे भाग ट्रायक्लोरोइथिलीनने, म्हणजे टीसीईने, धुतले जात. गळती जमिनीत मुरली आणि भूजलापर्यंत पोचली.

खाली ३ ते ६ मीटर खोलीवर पाण्याने भरलेला वाळूचा थर आहे. त्यात मधेमधे चिकणमातीचे पातळ पट्टे आहेत, आणि ६ मीटरखाली घट्ट चिकणमाती. प्रदूषित भाग साधारण २० बाय १५ मीटर. पाण्यात टीसीई सरासरी लिटरला ५ मिलिग्रॅम, पण एका निरीक्षण विहिरीत १४.

ठेकेदार म्हणतो, टीसीईचं ऑक्सिडीकरण करून ते मोडणारं पोटॅशियम परमँगनेट जमिनीत सोडू. टीसीईचं एकूण वस्तुमान ३ किलोच्या आत आहे, त्याला ७ किलो परमँगनेट पुरतं, आम्ही सुरक्षित राहायचं म्हणून दहापट म्हणजे ७० किलो धरलं आहे. आहेत त्याच निरीक्षण विहिरींतून एकदाच सोडायचं आणि महिन्याने नमुने घेऊन काम संपवायचं. आमच्यातल्याच एकाचा आग्रह आहे की परमँगनेटपेक्षा फेंटन (लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी) जोरदार, तेच वापरा.

आवाराच्या उताराकडे लोकांच्या विहिरी आहेत, त्यामुळे सही करण्याआधी नीट समजून घ्यायचं आहे. दहापट म्हटल्यावर पुरेसं वाटतं, तरी मन मानत नाही. काय तपासू?

पाणाड्या

मन मानत नाही ते बरोबरच आहे. हिशोब तुमच्याच आकड्यांवरून करू.

२० × १५ × ३ म्हणजे ९०० घनमीटर. घनता १.७ धरली तर माती झाली १५३० टन. सच्छिद्रता ०.३ धरली तर पाणी २७० घनमीटर. लिटरला ५ मिलिग्रॅमने विरघळलेलं टीसीई १.३५ किलो. मातीत सेंद्रिय कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असेल तर तिच्या कणांना चिकटलेलं आणखी दीडेक किलो. एक किलो टीसीई पुरतं मोडायला २.४ किलो पोटॅशियम परमँगनेट लागतं, म्हणजे ७ किलो. इथवर ठेकेदार बरोबर आहे.

त्याने मातीची भूक धरलेलीच नाही. परमँगनेट टीसीई ओळखून फक्त त्यालाच गाठत नाही. मातीतला सेंद्रिय अंश, फेरस लोह, सल्फाइड खनिजं, सगळं त्याला खातं. याला मातीची नैसर्गिक ऑक्सिडंट मागणी म्हणतात. स्वच्छ वाळूत ती किलोला एक ग्रॅमच्या आत असू शकते, सेंद्रिय गाळात किंवा चिकणमातीत काही दहा ग्रॅमपर्यंत जाते. तुमच्याकडे २ ग्रॅम आहे असं नुसतं धरून पाहा. १५३० टन मातीला लागले ३०६० किलो.

म्हणजे टीसीईला ७ किलो आणि मातीला ३०६०. ठेकेदाराचे 'दहापट' ७० किलो या गरजेच्या चाळिसाव्या भागाइतकेही भरत नाहीत. ते विहिरीच्या भोवती हातभर अंतरात मातीच खाऊन टाकेल आणि टीसीईपर्यंत फारसं काही पोचणार नाही.

एक खुलासा. प्रयोगशाळेत माती द्रावणात घुसळली जाते, त्यामुळे तिथली मागणी जमिनीतल्यापेक्षा जास्त दिसते. मागणीचा काही भाग लगेच संपतो, काही आठवड्यांनी. त्यामुळे ३०६० हा आकडा पूजेला लावू नका, पण मोजल्याशिवाय सहीही करू नका. प्रदूषकाच्या वस्तुमानावर सुरक्षा-गुणक मारून मात्रा काढणारा आराखडा दिसला की तो त्याच पानावर परत पाठवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रसायनी

पाणाड्यांशी सहमत. फेंटनबद्दल मी लिहिते.

फेंटन यांनी १८९४ मध्ये दाखवलं की लोहाच्या साथीने हायड्रोजन पेरॉक्साइड टार्टारिक आम्लाचं झपाट्याने ऑक्सिडीकरण करतं. त्यामागे हायड्रॉक्सिल मूलक (क्षणभरच टिकणारा, अतिशय क्रियाशील कण) आहे ही मांडणी हाबर आणि वाइस यांनी १९३४ मध्ये केली. जोर व्होल्टमध्ये मोजला तर हायड्रॉक्सिल मूलक सुमारे २.८, सल्फेट मूलक २.५ ते २.६, ओझोन २.१, परमँगनेट १.७. तुमचे सहकारी हीच यादी पाहून बोलत असणार. जोराची यादी खरी आहे, पण जमिनीखाली कामाला येतो तो टिकाऊपणा.

हायड्रॉक्सिल मूलक जन्मतो तिथेच संपतो. त्याला जन्म देणारं पेरॉक्साइड मातीत काही तास, फार तर काही दिवस तग धरतं. ओझोन त्याहून कमी. पर्सल्फेट (सल्फेट मूलक देणारं रसायन) काही आठवडे टिकतं. मातीची भूक भागलेली असेल तर परमँगनेट महिनोन्महिने टिकतं आणि पाण्याबरोबर पुढे सरकत राहतं. टीसीईच्या बाबतीत परमँगनेटचा वेग कमी पडतच नाही. पाण्यात लिटरला १ ग्रॅम परमँगनेट असेल तर टीसीईचं अर्धआयुष्य काही मिनिटांचं होतं. त्याहून जास्त जोर हवा कशाला?

शिवाय फेंटनला आम्लधर्मी पाणी मानवतं. माती चुनखडीची असली तर आम्ल ओतत बसावं लागतं, आणि बायकार्बोनेट मूलकांना मधल्या मधे गिळतं. वायूही लक्षात घ्या. १२ टक्के पेरॉक्साइडचं विघटन झालं की त्याच्या ४० पट आकारमानाचा ऑक्सिजन निघतो. तो वर येताना टीसीईची वाफ सोबत आणतो, आणि वर इमारत असेल तर ती वाफ इमारतीत शिरते.

मात्र परमँगनेट सर्वांवर चालत नाही, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या क्लोरिनयुक्त इथिनांवर, म्हणजे टीसीई, पीसीई (टेट्राक्लोरोइथिलीन), डायक्लोरोइथिलीन, व्हिनाइल क्लोराइड यांच्यावर ते उत्तम. बेंझिन, कार्बन टेट्राक्लोराइड, ट्रायक्लोरोइथेन यांना ते जवळपास हात लावत नाही. त्या कारखान्यात टीसीईआधी किंवा नंतर ट्रायक्लोरोइथेन वापरलं होतं का ते विचारा. त्यात स्थिरकारक म्हणून १,४-डायॉक्सेन घालत असत. ते परमँगनेटला दाद देत नाही आणि पाण्यातून सर्वांत पुढे पळतं. नेहमीच्या बाष्पशील-द्रावक चाचणीत ते सहज निसटतं, वेगळं मागवावं लागतं.

नवखा_अभियंता

खूप शिकायला मिळतंय. विषय थोडा वळवतो, माफ करा. आमच्याकडे पेट्रोलच्या टाकीची गळती आहे, बेंझिन-टोल्युइन वगैरे. आम्ही कोणतं वापरावं?

रसायनी

@नवखा, आधी पाण्यावर तरंगणारं पेट्रोल उपसून काढा. ते असताना ऑक्सिडंट ओतणं म्हणजे रसायन वाया घालवणं, आणि वाफा पेटण्याचा धोका वेगळाच. १ किलो बेंझिन शेवटपर्यंत कार्बन डायॉक्साइड करायला साधारण ४६ किलो सोडियम पर्सल्फेट लागतं, तेही मातीची भूक न धरता. यावरून तरंगत्या थराचा हिशोब तुम्हीच करा.

उरलेल्या विरघळलेल्या भागाला सक्रिय केलेलं पर्सल्फेट किंवा पेरॉक्साइड चालतं. पर्सल्फेट नुसतं सोडलं तर मंद असतं. त्याला उष्णता, बांधलेलं लोह, पेरॉक्साइड किंवा अल्कली घालून जागं करावं लागतं. अल्कलीने करायचं तर सामू १०.५ च्या वर टिकवायला हवा, आणि मोडताना आम्ल तयार होत असल्याने तो सतत खाली घसरतो. १ किलो सोडियम पर्सल्फेटमागे सुमारे ०.८ किलो सल्फेट पाण्यात राहतं, तेही खालच्या विहिरींच्या हिशोबात धरा. पेट्रोलचे घटक ऑक्सिजन मिळाला तर जिवाणूही खातात, म्हणून थोड्या प्रमाणासाठी हवा फुंकून भागतं का ते आधी पाहा.

बोअरमास्तर

माझं काम सोडण्याचं आहे, म्हणून तेवढंच लिहितो.

निरीक्षण विहिरींतून सोडायचं नाही. ताई, हा मुद्दा अजिबात सोडू नका. ज्या विहिरीत औषध ओतलं त्याच विहिरीतून नमुना काढला तर तो विहिरीच्या भोवतालच्या धुतलेल्या वाळूचा नमुना असतो. आकडा सुंदर येणारच. बाहेर चार मीटरवर काय चाललंय ते त्यातून कळत नाही. सोडायच्या जागा वेगळ्या, मोजायच्या वेगळ्या, आणि मोजायच्या विहिरी दोन सोडण्याच्या जागांच्या मधोमध.

आता आकारमान. पाणाड्यांचे ३०६० किलो मी ३ टक्के द्रावणाने सोडायचे म्हटले तर १०२ घनमीटर द्रावण झालं. पोटॅशियम परमँगनेट २० अंशांना सहा-साडेसहा टक्क्यांवर विरघळत नाही, पाणी थंड असेल तर त्याहून कमी. त्यामुळे फार घट्ट करता येत नाही. सोडियमचं ४० टक्के द्रावण तयार मिळतं, पण घट्ट द्रावण कमी आकारमानात सोडलं तर ते पसरत नाही, जड असल्याने खाली बसतं. मला पातळ आणि भरपूर हे पटतं.

पाणी ज्यातून खरोखर वाहतं अशी सच्छिद्रता ०.२ धरा. एका जागेपासून अडीच मीटरपर्यंत ३ मीटरचा थर भरायला जवळपास १२ घनमीटर लागतात. ३०० चौरस मीटरला वर्तुळं एकमेकांवर चढवून वीसेक जागा येतील. १०२ घनमीटर वीस जागांत वाटले तर प्रत्येकी ५ घनमीटर, म्हणजे त्रिज्या अडीच मीटर नव्हे, १.६ मीटरच भरते. मधल्या जागा भूजलाच्या ओघावर सोडाव्या लागतील, किंवा द्रावण आणखी पातळ करून आकारमान वाढवावं लागेल. ठेकेदाराकडून हा हिशोब लिहून घ्या. 'प्रभावक्षेत्र ५ मीटर' असं नुसतं लिहिलेलं असतं, त्यामागे आकारमान असतंच असं नाही.

वेळही काढा. मिनिटाला १० लिटरने १०२ घनमीटर म्हणजे १७० तास. चार जागा एकदम चालवल्या तरी ४० तासांवर. घाईने दाब वाढवला की माती फाटते, औषध फटीतून निघून जातं, नाहीतर जुन्या बुजवलेल्या बोअरमधून, केबलच्या चरातून जांभळं पाणी वर येतं. आवारातल्या सगळ्या जुन्या बोअर आणि गटारं काम सुरू व्हायच्या आधी नकाशावर हवीत. बाहेरच्या कडेने सुरुवात करून आत या. मधोमध सुरू केलं तर तुम्ही प्रदूषित पाणी लोकांच्या विहिरींकडे ढकलाल.

जिवाणूमित्र

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. ३ टन परमँगनेट जमिनीत ओतून ३ किलो टीसीई मोडायचं, हे मला पटत नाही. चिकणमातीचे पट्टे आहेत, म्हणजे टीसीई त्यांत मुरलेलं असणार. कार्बनचा पुरवठा करून डिहॅलोकोकॉइडिस जातीचे जिवाणू कामाला लावले तर ते वर्षानुवर्षं तिथेच राहून काम करतात. औषध संपलं म्हणून थांबत नाहीत. उलट परमँगनेट सोडलं की या जिवाणूंना लागणारी विनॉक्सी (ऑक्सिजन नसलेली) परिस्थिती मोडते आणि हा मार्ग बराच काळ बंद होतो.

पाणाड्या

@जिवाणूमित्र, मुद्दा रास्त आहे. मातीची मागणी किलोला ५-१० ग्रॅम निघाली तर मी स्वतः ऑक्सिडीकरण नको म्हणेन, इतकं रसायन ओतणं शहाणपणाचं नाही. पण जिवाणूंच्या मार्गात टीसीई पायरी-पायरीने मोडतं. मध्येच अडकलं तर व्हिनाइल क्लोराइड साठतं, आणि ते टीसीईपेक्षा घातक. खाली विहिरी असताना ती जोखीम तोलून घ्यायला हवी. मागणी कमी निघाली तर वाळूच्या थरासाठी परमँगनेट, आणि चिकणमातीतून मागाहून झिरपणाऱ्या उरलेल्यासाठी, परिस्थिती पूर्ववत झाल्यावर, जिवाणू, असा क्रम मला योग्य वाटतो.

अजून एक राहिलं होतं, आणि कदाचित तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. त्या १४ मिलिग्रॅमच्या विहिरीकडे पाहा. टीसीई पाण्यात लिटरला साधारण ११०० ते १३०० मिलिग्रॅम विरघळतं. पाण्यात विद्राव्यतेच्या १ टक्क्याहून जास्त दिसलं की शुद्ध द्रव टीसीई जवळपास कुठेतरी साचलंय असा संशय घ्यायचा, हा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. १४ त्यात बसतं. टीसीई पाण्याच्या जवळपास दीडपट जड, त्यामुळे ते ६ मीटरवरच्या चिकणमातीच्या माथ्यावर खळग्यात जाऊन बसतं. तिथे नुसतं १० लिटर असलं तरी ते १४.६ किलो झालं, म्हणजे आपण वर मोजलेल्या एकूण ३ किलोंच्या पाचपट. ते शोधल्याशिवाय वस्तुमानाचा आकडा अर्धवटच. साचलेल्या द्रवावर परमँगनेट आलं की मँगनीज डायॉक्साइडची साय धरते आणि आतला द्रव सुरक्षित राहतो.

निरीक्षक

महिन्याने नमुने घेऊन काम संपवणं, यावर माझा सक्त आक्षेप आहे.

परमँगनेट शिल्लक असेपर्यंत टीसीई शून्य दिसणारच. ते संपल्यावर चिकणमातीतलं टीसीई हळूहळू वाळूत परत येतं आणि आकडा वर चढतो. ही उसळी अपवाद नाही, चिकणमाती असलेल्या जागी ती धरूनच चालायचं असतं. म्हणून घड्याळ औषध सोडल्याच्या दिवसापासून नाही, जांभळा रंग गेल्यापासून सुरू करा आणि त्यानंतर किमान चार तिमाह्या मोजा. आराखड्यात सुरुवातीलाच दोन-तीन फेऱ्यांची तरतूद हवी, दुसरी फेरी म्हणजे अपयश असं कोणी म्हणू नये.

विरळ होणं हेही फसवतं. १०२ घनमीटर स्वच्छ द्रावण आत गेलं की आकडे नुसत्या सरमिसळीनेही उतरतात. टीसीई मोडलं याचा पुरावा म्हणून काही जण वाढलेलं क्लोराइड दाखवतात. तुमच्या ३ किलो टीसीईतून २.४ किलो क्लोराइड निघेल, २७० घनमीटरमध्ये लिटरला ९ मिलिग्रॅम. भूजलात मुळातच याहून बरंच जास्त असतं, त्यामुळे तुमच्या जागेवर हा पुरावा चालणार नाही. माती खोदून आधी-नंतरचे नमुने घेणं हाच मार्ग.

धातूंकडेही लक्ष द्या. मातीत क्रोमियम असेल तर परमँगनेट त्याला सहा-संयुजी क्रोमियममध्ये बदलतं, जे विरघळतं आणि विषारी असतं. पुष्कळदा पुढे मातीच त्याला परत बांधते, पण विहिरी जवळ असताना 'पुष्कळदा'वर भिस्त नको. आधीची पातळी मोजून ठेवा आणि उताराकडच्या विहिरींत दर फेरीला तपासा.

सावध_पाऊल

सुरक्षेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. परमँगनेटचे डबे तेल, ग्रीस, ग्लिसरीन, लाकडी भुसा यांच्याजवळ ठेवायचे नाहीत, आग लागते. सांडलेलं भुशाने टिपायचं नाही. घट्ट सोडियम परमँगनेटवर थायोसल्फेट थेट ओतायचं नाही, उष्णतेने उसळून अंगावर येतं. आधी भरपूर पाण्याने पातळ करायचं, मग निष्प्रभ करायचं. चेहऱ्याची ढाल आणि डोळे धुण्याची सोय पंपाच्या शेजारी हवी, कार्यालयात नाही. पंप, नळ्या, जोड त्या रसायनाला टिकणारे आहेत का ते कागदावर मागा.

मातीकण

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा परत पाठवते आहे. मागण्या अशा: मातीची मागणी मोजा, चिकणमातीच्या माथ्यापर्यंत सलग गाभा-नमुने (नळीने काढलेले मातीचे अखंड दंड) काढून साचलेलं द्रव शोधा, सोडण्याच्या जागा वेगळ्या करा, प्रत्येक जागेचं आकारमान आणि वेळ लिहा, क्रोमियम आणि डायॉक्सेनची आधीची पातळी द्या. ट्रायक्लोरोइथेनचं कारखान्याच्या जुन्या नोंदींत पाहते.

दोन प्रश्न उरले. मागणी मोजण्यासाठी माती कुठून आणि कशी घ्यायची? आणि परमँगनेट शिल्लक असलेल्या पाण्याचा नमुना बाटलीत भरला तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत प्रक्रिया चालूच राहणार ना?

निरीक्षक

दुसऱ्याचं उत्तर: हो, चालूच राहते, आणि जमिनीत असलेलं टीसीई बाटलीत संपून अहवाल कोरा येतो. म्हणून भरतानाच ऑक्सिडंट मारायचा. बाष्पशील द्रावकांसाठी अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल वापरतात. पाणी रंगीत असेल तर रंग जाईपर्यंत किती लागतं ते वेगळ्या बाटलीत करून पाहा, मग नमुन्याची बाटली भरा. नमुना-नोंदीत पाण्याचा रंग लिहिणं सक्तीचं करा, कारण पुढे कुणालातरी त्या आकड्याचा अर्थ लावायचा असतो.

पाणाड्या

पहिल्याचं: जिथे औषध जाणार त्याच थरातून घ्या, वरची भरावाची माती नको. वाळूची वेगळी, चिकणमातीच्या पट्ट्यांची वेगळी, मिसळू नका. सरासरीत खरी गोष्ट हरवते. गाभा काढल्याबरोबर हवाबंद करून थंड ठेवा, कारण फेरस लोह आणि सल्फाइड हवेतच ऑक्सिडीकरण पावतात आणि मागणी खोटी कमी दिसते. प्रमाणित चाचणी ४८ तासांची आहे, ती करा, पण त्यावर थांबू नका. परमँगनेटची तीन वेगवेगळी तीव्रता घेऊन दोन आठवड्यांपर्यंत मोजायला सांगा. मागणी तीव्रतेनुसार बदलते, आणि बोअरमास्तरांना द्रावण किती पातळ ठेवायचं ते त्या आलेखावरून ठरवता येईल. निकाल आले की इथेच टाका, आकारमानाचा हिशोब पुन्हा मांडू.